पाण्याखालचं माहेर

थंडी पडायला लागली की आपल्या भागात पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. एरवी वर्षभर खुशाली न विचारणारी नणंद, चुलत दीर, जावेची बहीण, सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय गं, आले का फ्लेमिंगो?" जणू काही ते आपल्या गोठ्यात बांधलेले असतात आणि आपण सकाळ-संध्याकाळ त्यांना वैरण टाकतो! मग रविवारी गाडी येते, चहा होतो आणि सगळे भिगवणकडं निघतात. भवानीनगरहून भिगवण तासाभराच्या आतलं. तिथून पुढं कुंभारगाव, डिकसळ, डाळज, पळसदेव. उजनीच्या पाण्याच्या कडेची ही सगळी गावं आपल्याच इंदापूर तालुक्यातली.

आजच्या बोलण्यात पक्षी आहेतच. पण त्यांच्या पायाखाली काय आहे, तेही मला सांगायचं आहे. कारण माझ्या सासूबाईंचं माहेर त्या पाण्याखाली आहे.

२०२४ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. आदल्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं. उन्हाळा आला तसं पेपरात रोज यायचं, उजनी उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के. आमच्या गटातली एक जण म्हणाली, "पाणी उणे कसं असेल? असेल नाहीतर नसेल." बरोबर आहे तिचं. त्याचा हिशोब असा. उजनीत शंभर टक्के भरल्यावर साधारण ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं साधारण ५३ टीएमसी पाणी कालव्याला, नदीला सोडता येतं, त्याला जिवंत साठा म्हणतात. उरलेलं ६३ टीएमसीच्या आसपासचं पाणी म्हणजे मृत साठा. रांजणाला तोटी असते ना, त्या तोटीच्या खाली राहिलेलं पाणी, तसं. तोटीपर्यंत पाणी उतरलं की शून्य टक्के. त्याच्याही खाली गेलं की उणे. त्या उन्हाळ्यात ते उणे एकोणसाठच्या घरात गेलं. म्हणजे रांजणाच्या तळातलंही निम्मं संपलं.

आणि तळ उघडा पडला तसं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ बाहेर आलं. पाणी फार आटलं की त्याचं शिखर दिसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ह्या वेळी देऊळ पायथ्यापर्यंत कोरडं झालं. लोक चालत जाऊ लागले. कॅमेरेवाले आले. माझ्या मुलानं मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या, आणि मग एवढंच म्हणाल्या, "मला घेऊन चला."

देवळाबद्दल आधी सांगते, कारण ते खरोखर बघण्यासारखं आहे. आपल्याकडं जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण लगेच म्हणतो, हेमाडपंती. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला प्रधान. पण महाराष्ट्रातली किती तरी देवळं त्याच्या आधीची आहेत, ती सगळी त्याच्या नावावर का घालायची? पळसनाथाचं शिखर ज्या पद्धतीचं आहे तिला अभ्यासक 'भूमिज' म्हणतात. मोठ्या शिखराच्या अंगावर छोटी छोटी शिखरं एकावर एक, ओळीनं, चढत गेलेली असतात. बाजरीच्या कणसाला दाणे असतात तशी. ही पद्धत माळव्यात परमार राजांच्या काळात बहरली आणि तिथून खाली आली. मुंबईजवळचं अंबरनाथाचं देऊळ १०६० सालचं, ते ह्याच पद्धतीचं. सिन्नरचं गोंदेश्वरही. म्हणजे भीमेच्या काठच्या ह्या गावाचा संबंध थेट माळव्यापर्यंत होता, रस्ता चालता होता, कारागीर येत-जात होते. पळसदेवला खालचा भाग दगडाचा आणि शिखर विटांचं. विटांचं शिखर इतकी वर्षं पाण्यात बुडून, वर येऊन, पुन्हा बुडून उभं आहे. आमच्या घराची गिलाव्याची भिंत तीन पावसाळ्यांत फुगली, म्हणून म्हटलं.

देवळाच्या आसपास जुने कोरीव दगड पडलेले दिसतात. आपल्या भागात गावोगाव वीरगळ आणि सतीशिळा आहेत, कुठं मारुतीच्या पाराला टेकवलेल्या, कुठं शेंदूर फासलेल्या. वीरगळावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या आणि वर तो शंकराची पूजा करताना. सतीशिळेवर कोपरात वळलेला बाईचा हात, मनगटात बांगड्या. वीर कशासाठी मेला हे तीन मजल्यांत कोरलंय. बाईचा मात्र फक्त हात. मी ह्या शिळांकडं पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या दिवशी, तोपर्यंत त्यांच्यावर धुणं वाळत घातलेलं बघायची सवय होती.

तर आम्ही गेलो. मे महिन्याचं ऊन, तळाच्या मातीला हाताएवढ्या भेगा, मध्येच गाळपेराचा हिरवा तुकडा. (गाळपेर म्हणजे पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात घेतलेलं पीक, भुईमूग, कलिंगड असं काहीबाही.) देवळापाशी पन्नासेक माणसं फोटो काढत होती. मला वाटलं सासूबाई आधी देवाला जातील. त्या देवळाकडं बघून हात जोडून तशाच पुढं चालू लागल्या. हातात काठी, डोक्यावर पदर, मागं मी छत्री घेऊन.

"आई, देऊळ इकडं आहे."

"देव न्हाई आता हितं. देवाला वर नेला गावाबरोबर. मला घर बघायचंय."

ते खरं होतं. धरणाचं पाणी येणार म्हटल्यावर गाव वर सरकलं, आजचं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला आहे, आणि गावानं तिथं पळसनाथाचं नवं देऊळ बांधून पिंड तिथं नेली. खाली राहिली ती नुसती वास्तू.

घर कुठं सापडणार? सगळीकडं दगडांचे ढीग. पण त्या थांबल्या, वळल्या, पुन्हा थांबल्या. दोन्ही बाजूंना जोत्यांच्या ओळी दिसत होत्या, त्यांच्या मधून जणू गल्ली आहे अशा चालत राहिल्या. एका ठिकाणी काठी टेकवून म्हणाल्या, "हितं आड व्हता. त्याच्या पल्याड कासारीन बसायची बांगड्या घेऊन, बाजारच्या दिवशी." आम्ही बघितलं, गाळानं भरलेला गोल दगडी काठ होता. शेजारी फोटो काढणारा एक मुलगा आम्हाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय." त्या बाजूला झाल्या.

आता ह्या धरणाचा इतिहास थोडक्यात. भीमेवर सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उजनी गावाजवळ हा बांध. साठच्या दशकात कामाला सुरुवात झाली आणि १९८० साली ते पुरं झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव दिलं. पुणे, सोलापूर आणि नगर ह्या तीन जिल्ह्यांतली गावं त्याच्या पोटात गेली. आपलं इंदापूर, दौंड, पलीकडं करमाळा, माढा, कर्जत. भीमेकाठची काळी, खोल, ज्वारीची माती गेली. बोटीच्या गावांना आगगाडी होती, तीही गेली. डिकसळ हे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे, माहीत आहे का? पुण्याहून पुढं जाणारी पहिली आगगाडी डिसेंबर १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आली. सोलापूरला पोचायला तिला १८६० उजाडलं. सुरुवातीला डिकसळ हे टोक होतं. धरण झालं तेव्हा रेल्वे हलवली आणि भीमेवरचा जुना दगडी पूल करमाळ्याला जायचा रस्ता झाला.

ह्या पाण्यानं सोलापूरकडचं कोरडं रान भिजवलं, पंढरपूर-सोलापूरची तहान भागवली, हे खोटं नाही. काठावर उरलेल्यांनीही नंतर मोटारी टाकून पाणी उचललं आणि ऊस केला. पण आपण भवानीनगरच्या बायकांनी एक लक्षात ठेवावं. आपला ऊस, आपला छत्रपती कारखाना उभा राहिला तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. आपलं पाणी भाटघरकडून आलं, आपलं गाव उठलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी उठलं. तीस किलोमीटरच्या आत एकीकडं पाणी आलं म्हणून गाव वसलं आणि दुसरीकडं पाणी आलं म्हणून गाव मोडलं.

महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, तोवर इथली बरीचशी मोजणी-पंचनामे होऊन गेले होते. सासूबाईंचं लग्न बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी झालं. त्यांच्या वडिलांना मोबदला मिळाला, भावांना प्लॉट मिळाला. मुलगी दिल्या घरी गेलेली, तिचं काय गेलं असं कुणी विचारलं नाही. पंचमीला त्या माहेरी गेल्या तर माहेर दुसऱ्याच जागी होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. "आई तीच, भाऊ तेच, पण झोका बांधायचं झाड न्हवतं," असं त्या सांगतात. यादीत जमीन, विहीर, घर, आंब्याची झाडं, सगळं लिहितात. पंचमीचं झाड कुठल्या रकान्यात लिहायचं?

पक्षी नंतर आले. धरण भरलं, पाणी पसरलं आणि काठाला उथळ, चिखलाचे पट्टे तयार झाले. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, नेमकं तेच लागतं. तो चोच उलटी करून चिखलपाण्यातलं शेवाळ आणि बारीक किडे गाळून खातो, आणि त्याचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात त्यांची मोठी वीण होते, थंडीत ते आपल्याकडं दिसतात. त्याहून लांबचा पाहुणा म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस. तो तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. चक्रवाक येतात, लग्नातल्या हळदीच्या अंगासारखे दिसतात ते. आणि भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी, ते इथलेच, बाभळीवर कालवा करत पिल्लं वाढवणारे.

माणसानं केलेल्या तळ्यावर पक्ष्यांनी गाव वसवणं ही नवी गोष्ट नाही. नाशिककडचं नांदूर मधमेश्वर हा गोदावरीवरचा बंधारा, तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला, महाराष्ट्रातला पहिला.

आणि ही गोष्ट आपल्या एकट्याचीही नाही. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चच्यांग नावाचा प्रांत आहे, हांगचौ हे त्याचं मुख्य शहर. तिथं शिनआन नदीवर १९५९ साली धरण भरलं. डोंगरांची टोकं तेवढी पाण्यावर राहिली, हजाराहून जास्त, म्हणून त्याला 'हजार बेटांचं सरोवर' म्हणतात. खाली दोन जुनी तालुक्याची शहरं गेली. त्यातलं एक शीचंग, म्हणजे सिंहनगरी. कोरीव कमानी, वेशी, फरसबंद गल्ल्या असलेलं शेकडो वर्षांचं शहर. जवळपास तीन लाख माणसं उठली, कित्येकांना दुसऱ्या प्रांतात जावं लागलं. चाळीसेक वर्षांनी, २००१ साली, पाणबुडे खाली उतरले तर कमानींवरचे सिंह आणि ड्रॅगन जसेच्या तसे. तिथं वारा नाही, ऊन नाही, म्हणून टिकले. आज ते सरोवर चीनमधलं नावाजलेलं पर्यटनस्थळ आहे. लोक बोटीत बसतात, बेटं बघतात, आणि तिथल्या माशाच्या डोक्याचं सूप पितात, ते फार प्रसिद्ध आहे म्हणे. वाचताना मला हसूच आलं. आपल्याकडं बोटीतून उतरलं की चिलापीचं कालवण आणि भाकरी, तिथं सूप. काठावर त्यांनी बुडालेल्या शहराची नक्कलही उभी केली आहे, दुकानं-हॉटेलांसकट.

मला ती नक्कल पटत नाही. आपल्याकडं पैसा आला तरी पळसदेवची सिमेंटची नक्कल करू नये, असं माझं मत आहे. त्या गल्लीतून चाललेल्या बायका अजून जिवंत आहेत. त्या सांगतील ते कुठल्याही नकलेत येणार नाही. मात्र त्या सगळ्या आता सत्तरीला टेकल्यात.

आता पोटापाण्याचं बोलू. कुंभारगाव-भिगवणकडं मासेमार भाऊ बोटी चालवतात, पहाटे पर्यटकांना घेऊन जातात, पक्ष्यांची नावं मराठी-इंग्रजीत सांगतात. शाळा अर्धवट सुटलेली पोरं आज शास्त्रज्ञांना पक्षी दाखवतात, त्याचं मला कौतुक आहे. घराघरात मुक्कामाची, जेवणाची सोय झाली. जेवण रांधतात बायका. मागच्या महिन्यात एका घरी जेवलो, चुलीवरची भाकरी, माशाचं कालवण, शेंगदाण्याची चटणी, अगदी तृप्त झालो. पैसे द्यायला गेले तर भिंतीवरचा क्यूआर कोड दादांच्या नावाचा. वहिनींना विचारलं, "तुमचं खातं नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे की, गटाचं. पण पाहुणे ह्यांच्याच मोबाईलवर टाकतात." चार महिने पहाटे तीनला उठणारी ती, आणि वर्षाचा हिशोब तिला माहीत नाही.

म्हणून एक माहिती देते, लिहून घ्या. राज्य शासनानं २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल, त्यात काम करणाऱ्यांत निम्म्या बायका असतील आणि पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज शासन परत देतं, जास्तीत जास्त सात वर्षं किंवा साडेचार लाखांपर्यंत. घरगुती मुक्काम, खानावळ, सहल काढणं हे सगळं त्यात बसतं. अट एकच नीट वाचा, मालकी बाईची. नुसतं नाव बाईचं आणि सही दादांची, असं नको. अर्ज करण्याआधी अटी बदलल्यात का तेवढं कार्यालयात विचारून घ्या.

आणि दुसरी गोष्ट, ती बोलताना जीव घाबरा होतो. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. ते पर्यटक नव्हते, रोजच्यासारखं अलीकडं येणारी आपली माणसं होती. गाव बुडाल्यापासून पलीकडच्या काठाला जायला काठच्या लोकांना बोट हाच जवळचा मार्ग. तेव्हा तुमच्याकडं पाहुणे आले आणि बोटीत बसायचं म्हटलं, तर लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा जायचं नाही. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या बोटीत तर मुळीच बसायचं नाही. आणि पक्ष्यांच्या अगदी जवळ बोट घालून त्यांना उडवायला लावू नका. ते पोटभर खायला आलेत, सारखे उडत राहिले तर परत जायला अंगात बळ कुठून येणार?

पाण्याबद्दलही बोलायला हवं. मुळा-मुठेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेत येतं आणि उजनीत साठतं. जलपर्णी वाढते. जुन्या कोळणी सांगतात की पूर्वी जाळ्यात किती तरी जातींचे मासे यायचे, आता चिलापीच चिलापी. पुण्याचा पाहुणा फ्लेमिंगो बघून "किती छान" म्हणतो तेव्हा मी त्याला हेही सांगते. जरा अवघडतो, पण चहा पिऊनच जातो.

पाहुण्यांचं आपल्याला नवल नाही म्हणा. तुकोबांची पालखी १६८५ पासून चालते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, आपल्या दारावरून वैष्णव जातात, बेलवाडीला गोल रिंगण होतं. तेव्हा आपण कुणाला तिकीट लावतो का? पिठलं-भाकरी वाढतो आणि पाया पडतो. म्हणूनच पर्यटनाचे पैसे घेताना आपल्या बायकांना लाज वाटते. ती वाटू देऊ नका. वारकऱ्याला वाढणं वेगळं, हा धंदा वेगळा.

आमच्या गटानं एक काम हातात घेतलं आहे. दर शनिवारी दोघी-तिघी जणी पळसदेव, कळाशी, डाळज अशा वर सरकलेल्या गावांत जातो आणि म्हाताऱ्या बायकांना जुन्या गावाचं विचारतो. देवळाचं नाही, ते पुस्तकवाले लिहितील. पाणवठा कुठं होता, जात्यावर कोण बसायचं, बाळंतिणीला कुणाकडं न्यायचं, आड कुणाचा, चिंच कुणाची. मोबाईलवर आवाज भरतो आणि मुली वहीत नकाशा काढतात. सुरुवात घरापासून केली. सासूबाईंनी काढायला लावलेल्या नकाशात देऊळ कोपऱ्यात, एवढंसं आहे, आणि आड मधोमध. नातीनं विचारलं, "आजी, देऊळ एवढं छोटं का काढलंस?"

"आगं, देवळात आम्ही सोमवारी जायचो. आडावर रोज."

पावसाळ्यात धरण भरलं, देऊळ पुन्हा पाण्यात गेलं. आता वरून रोहित उडतायत. तुमच्यापैकी कुणाचं माहेर त्या काठचं असेल, आई, मावशी, आजेसासू कुणी सांगणारी असेल, तर वाहिनीच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा किंवा गटाच्या ताईंकडं निरोप द्या. पुढच्या शनिवारी आम्ही कळाशीला आहोत, सकाळी दहा वाजता, मारुतीच्या देवळापाशी. पाण्याची बाटली आणि वही बरोबर आणा.